मामांचा सरसकट हिशेब

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एक मामा राहत होते. माणूस मनानं मोठा, पण एक खोड होती. सगळ्यांना मिळून एकच उत्तर देऊन टाकायचं. एकाला सर्दी झाली की अख्ख्या घरानं काढा प्यायचा. एकाला थंडी वाजली की सगळ्यांनी स्वेटर घालायचे. मामी म्हणायच्या, "तुमचं प्रिस्क्रिप्शन नेहमी सामुदायिक!"

घरात मामा-मामी, त्यांची वीस वर्षांची लेक आणि मिरजेहून शिकायला आलेला भाचा. लेक इथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. भाचा ऑगस्ट २०२२ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आला आणि वरच्या खोलीत राहू लागला. दोघं एकाच विद्यापीठात. सकाळी एकाच गाडीनं जायचे, संध्याकाळी एकाच पातेल्यातली आमटी ओरपायचे. २०२४ च्या उन्हाळ्यात दोघांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामही एकच धरलं: परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर लावायची आणि फडताळात जागच्या जागी नेऊन ठेवायची. आठवड्याला चाळीस तास, तासाला सोळा डॉलर, असे दहा आठवडे. प्रत्येकी ६,४०० डॉलर झाले.

जानेवारी संपता संपता दोघांचे डब्ल्यू-टू आले. वर्षभरात पगार किती दिला आणि त्यातून काय काय कापलं, हे मालकानं लिहून द्यायचा तो कागद. मामींनी दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या चौकटीत दोघांचाही पगार ६,४००. दुसऱ्या चौकटीत दोघांचाही कापलेला केंद्रीय कर ३८६. पण चौथ्या आणि सहाव्या चौकटीत लेकीच्या कागदावर आकडे होते, सोशल सिक्युरिटी या पेन्शन योजनेचे ३९६.८० आणि मेडिकेअर या आरोग्य योजनेचे ९२.८०, आणि भाच्याच्या कागदावर तिथे काहीच नव्हतं.

लेक म्हणाली, "हे काय? काम सारखं, तास सारखे, आणि माझे जवळपास पाचशे डॉलर जास्त गेले?"

मामांनी कागदांकडे नीट पाहिलंही नाही. "छपाईची चूक असेल. आणि एवढ्याशा पैशाला कसला आलाय टॅक्स? तुम्ही दोघं विद्यार्थी, माझ्या घरात राहता, माझं खाता. म्हणजे दोघंही माझे डिपेन्डंट, माझ्यावर अवलंबून. मी माझ्या रिटर्नमध्ये दोघांची नावं घालतो, तुम्हाला काही भरायचं कारण नाही. झालं!"

प्रेमाच्या दृष्टीनं पाहिलं तर यात एकही शब्द खोटा नव्हता. परदेशात आलेल्या आपल्या लोकांत असे मामा पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जिवावर कितीतरी पोरं शिकली आहेत. पण अमेरिकेचं करखातं, आयआरएस, प्रेमाचा रकाना ठेवत नाही.

रविवारी दुपारी मामा लॅपटॉप उघडून बसले. दरवर्षीचं तेच सॉफ्टवेअर. लेकीचं नाव घातलं. मग भाच्याचं नाव घातलं, तर पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करासाठी इथली रहिवासी आहे का? मामा म्हणाले, "राहतो तर इथेच. वरच्या खोलीत!" आणि त्यांनी 'हो'वर टिचकी मारली.

भाचा मागे उभा होता. "मामा, मी व्हिसावर आहे. ते 'हो' बरोबर आहे का?"

"तू गप रे. फायदा आपलाच आहे."

मिरजेहून बहिणीच्या यजमानांनीही फोनवर तेच सांगितलं, की मामा अनुभवी आहेत, ते म्हणतील तसं कर. भाचा गप्प बसला, पण त्याच्या मनातली शंका काही गेली नाही.

मामांनी रिटर्न पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. नाकारला होता. कारण भाचा नव्हता, लेक होती. तिनं आदल्या आठवड्यात मोबाइलवरच्या एका ॲपवरून आपला रिटर्न परस्पर भरून टाकला होता. कापलेले ३८६ डॉलर परत मिळतात, असं तिला मैत्रिणीनं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण भरताना 'दुसरं कोणी तुम्हाला डिपेन्डंट म्हणून दाखवू शकतं का' या चौकटीत तिनं खूण केली नव्हती. तिच्या मते ती आता मोठी झाली होती. आयआरएसच्या यंत्रानं पाहिलं, की या मुलीनं स्वतःला स्वतंत्र म्हटलंय आणि हे गृहस्थ तिला आपलं म्हणताहेत. त्यानं मामांचा रिटर्न परत धाडला.

घरात आवाज चढले. मामा म्हणाले, मला न विचारता भरलास कशाला? लेक म्हणाली, तुम्ही तर म्हणालात भरायची गरजच नाही, मग माझे पैसे मला कोण देणार? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणून भांडण जरा लांबलं.

शेवटी मामींनीच तोड काढली. शेजारच्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. दर हिवाळ्यात त्या आयआरएसचं प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात लोकांचे रिटर्न फुकट भरून देत. या योजनेला व्हिटा म्हणतात, आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांना तिचा मोठा आधार असतो. मामी दोन्ही पोरांना घेऊन तिकडे गेल्या. मामाही गेले. येणार नव्हते, पण गाडी तेच चालवणार होते.

काकूंनी आधी लेकीला समोर बसवलं. कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "वय किती?"

"वीस."

"पूर्णवेळ शिकतेस? आणि तुझा निम्म्याहून अधिक खर्च तू स्वतः करतेस का?"

"शिकते पूर्णवेळ. खर्च बाबाच करतात."

"मग तू बाबांची डिपेन्डंट. चोवीस वर्षांच्या आतला पूर्णवेळ विद्यार्थी, आईवडिलांच्या घरचा, स्वतःचा निम्म्याहून जास्त भार न उचलणारा, तो त्यांच्या रिटर्नवर जाऊ शकतो. तुला काय वाटतं याला महत्त्व नाही. ते दाखवू शकतात एवढं पुरे, तुला त्या चौकटीत खूण करावीच लागते."

"पण मग माझे ३८६ जातील ना?"

"अगं, कुठे जातील? डिपेन्डंट असलीस तरी रिटर्न भरता येतो. नोकरीच्या कमाईवर तुला कमाईअधिक साडेचारशे डॉलर इतकी सूट आहे. तुझी ६,४००, म्हणजे ६,८५० पर्यंत कर नाही. कर शून्य, कापलेले सगळे परत. खूण केली असतीस तरी तुला तेवढेच मिळाले असते. न केल्यानं तुला एका सेंटचा फायदा झाला नाही, बाबांचं मात्र नुकसान होत होतं. तुझ्या नावावर त्यांना ५०० डॉलरची सवलत मिळते, आणि ते तुझी फी भरतात त्यावरची सवलत २,५०० पर्यंत जाऊ शकते."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. हिला भरायची गरजच नव्हती."

"भाऊ, थांबा जरा." काकू लेकीकडे वळल्या. "ग्रंथालयाशिवाय आणखी कुठून पैसे आले का गं?"

लेक घुटमळली. दिवाळीच्या आधी आणि दोन लग्नांत तिनं मेंदी काढली होती. कोनांचा खर्च जाऊन सहाशे डॉलर उरले होते. ते तिनं कुणाला सांगितले नव्हते, लपवायचे म्हणून नव्हे, त्याला कमाई म्हणतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेंदी म्हणजे हौस, आणि हौसेचे पैसे आले की त्याच आठवड्यात कानातल्यांत जातात.

काकूंनी पेन उचललं. "डिपेन्डंटला पगार १४,६०० डॉलरपर्यंत असेल आणि दुसरं काही नसेल तर २०२४ साठी रिटर्न सक्तीचा नाही. व्याज, लाभांश अशी बसल्या जागची मिळकत असेल तर मर्यादा एकदम १,३०० वर येते. आणि स्वतःच्या धंद्यातून निव्वळ चारशे डॉलर झाले की रिटर्न भरावाच लागतो, मग बाकी काही असो वा नसो. तुझी मेंदी हा धंदा आहे, बाळ."

आता गंमत बघा. ६,४०० डॉलर पगारासाठी जिला रिटर्न भरायची सक्ती नव्हती, तिच्यावर ती आली सहाशे डॉलरच्या मेंदीमुळे. मोठ्या रकमेनं जे झालं नाही ते लहान रकमेनं झालं. मामांच्या 'एवढ्याशा पैशाला' या सिद्धांतात एवढंसं म्हणजे किती हे मोजलं होतं, पण ते एवढंसं कुठून आलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या सहाशेंवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून सुमारे ८५ डॉलर निघाले. लेकीनं ओठ काढले. मग काकूंनी तिला चौकटींचं कोडंही उलगडून दिलं. शिकता शिकता आपल्याच विद्यापीठात काम केलं तर हे दोन कर कापत नाहीत. पण उन्हाळ्यात तिनं एकही वर्ग घेतला नव्हता. सुट्टी पाच आठवड्यांपेक्षा लांबली की ती सवलत त्या काळापुरती जाते. ते पैसे रिटर्न भरून परत येत नाहीत, मात्र वायाही जात नाहीत. म्हातारपणीच्या पेन्शनसाठी चाळीस क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, आणि २०२४ मध्ये दर १,७३० डॉलरच्या कमाईला एक मिळत होतं. ६,४०० ला तीन झाले असते. मेंदीची कमाई धरली आणि ती ६,९२० च्या पुढे गेली, तेव्हा चौथं मिळालं.

"म्हणजे ८५ डॉलरला एक क्रेडिट," मामी म्हणाल्या. "कानातल्यांपेक्षा बरं."

लेकीनं आता काय करायचं तेही ठरलं. पहिला रिटर्न पुरा होऊ द्यायचा, मग १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून त्या चौकटीत खूण करायची आणि मेंदी दाखवायची. मामांनी आपला रिटर्न कागदावर छापून टपालानं पाठवायचा, लेकीच्या नावासकट.

"आणि याच्याही नावासकट," मामांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काकूंनी भाच्याचा डब्ल्यू-टू पाहिला, व्हिसा विचारला, आणि कागद अलगद परत सरकवला. "याचं मी करणार नाही. आम्हाला इथे १०४०-एनआर, म्हणजे करासाठी रहिवासी नसलेल्यांचा रिटर्न, भरायची परवानगी नाही. आणि भाऊ, याचं नाव तुमच्या रिटर्नवर येऊ शकत नाही."

"का? भाचा आहे माझा. सख्ख्या बहिणीचा."

"भाचा हे नातं कायद्याला चालतं. पण नात्याच्या आधी दुसरी अट येते. डिपेन्डंट नागरिक हवा, नाहीतर करापुरता इथला रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी तरी हवा. एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजतच नाहीत. हा ऑगस्ट २०२२ मध्ये आला, म्हणजे २०२२ हे पहिलं वर्ष धरलं तर २०२६ संपेपर्यंत करासाठी हा इथे राहतच नाही. तुमच्या वरच्या खोलीत झोपत असला तरी! याच्या कागदावरच्या त्या दोन चौकटी रिकाम्या आहेत त्या म्हणूनच."

मामा जरा दुखावले. मिरजेत बहिणीला दिलेला शब्द, पोराची आबाळ होऊ देणार नाही म्हणून, आणि इथे कुणीतरी सांगतंय की तो तुमचा नाही. काकूंनी ते ओळखलं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्याला जेवू घालता ते कुणी काढून घेत नाही. पण तुम्ही सही करून खोटं लिहून द्याल, आणि पुढे याच्या ग्रीन कार्डाच्या वेळी हेच जुने कागद बाहेर काढायची पाळी येऊ शकते. तेव्हा भोगावं यालाही लागेल. मला लोक विचारतात, 'इतके इतके मिळाले, भरू का?' मी म्हणते, आकडा मागाहून सांगा. आधी तुम्ही कोण ते सांगा, मग पैसा कशातून आला ते सांगा. शेजाऱ्याचं उत्तर उचलून आपल्या घरी नेलं की फसगत ठरलेली."

भाच्यानं विचारलं, "मग काकू, माझा पगारही १४,६०० च्या आतच आहे. मला भरायचं की नाही?"

"सक्ती नाही, पण कापलेले ३८६ परत हवेत, म्हणून भरायचंच. तुझा रस्ता वेगळा. पण घाबरू नकोस, तुझ्या नशिबानं दिल्लीत एक करार झालेला आहे."

भारत आणि अमेरिका यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ ला नवी दिल्लीत झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमातल्या दुसऱ्या परिच्छेदानं भारतातून शिकायला आलेल्यांना इथल्या रहिवाशांसारखीच सूट दिली. एरवी एनआर भरणाऱ्याला ठोक वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते, २०२४ साठी पूर्ण १४,६०० डॉलर. फॉर्मवर कराराचा उल्लेख मात्र करावा लागतो, आपोआप कुणी देत नाही.

ग्रंथालयात याच दोघांबरोबर आणखी दोन पोरं ट्रॉल्या ढकलत होती, एक चीनहून आलेला आणि एक काठमांडूचा. पगार चौघांचा सारखा. चीनच्या करारात विद्यार्थ्याची ५,००० डॉलरपर्यंतची कमाई करमुक्त आहे, म्हणून त्याला उरलेल्या १,४०० वर सुमारे १४० डॉलर कर. नेपाळचा अमेरिकेशी असा करारच नाही, म्हणून काठमांडूच्या पोराला पहिल्या डॉलरपासून दहा टक्के, सुमारे ६४०. मिरजेच्या भाच्याला शून्य. सोळा डॉलर तासाच्या त्याच कामावर कुणाला किती द्यावं लागलं, ते कोण कुठल्या देशातून आला यावर ठरलं. हे न्याय्य आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी 'नाही' म्हणेन. पण नियम असा आहे.

भाच्यानं विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून एनआर भरायच्या सॉफ्टवेअरचा कोड आणला. १०४०-एनआर भरला, सोबत आपण किती दिवस इथे होतो ते सांगणारा ८८४३ जोडला, आणि १५ एप्रिलच्या आत पाठवून दिला. बापानं मिरजेच्या बँकेतून कर्ज काढून पाठवलेली फी ही मिळकत नाही, तेव्हा ती कुठेच लिहायची नव्हती. त्याचे ३८६ जूनमध्ये खात्यात आले. राज्याचा कर हा आणखी वेगळा कागद. न्यू जर्सीत एकट्या माणसाला १०,००० डॉलरपर्यंत रिटर्न भरावा लागत नाही, पण राज्यानं काही कापलं असेल तर ते मागायला भरावा लागतो. त्यात इथे शिरत नाही, नाहीतर गोष्टीचा निबंध होईल.

भाच्याच्या वर्गात नगरचा एक मुलगा होता. त्यानं वर्षभर एक सेंट कमावला नव्हता, सगळं घरून येत होतं. भाचा त्याला म्हणाला, "तुलाही एक फॉर्म पाठवायचाय. ८८४३. तुझी मुदत १६ जूनपर्यंत आहे, कारण १५ ला रविवार आलाय."

"अरे, मी कमावलंच नाही काही! शून्यावर कसला फॉर्म?"

"पैशाचा नाहीच तो. तू इथे कोण म्हणून आहेस त्याचा आहे."

त्या पोरानं कटकट केली, पण पाठवला. दोन पानांचा फॉर्म, शेवटी सही. फक्त तो टपालानं पाठवावा लागतो आणि आजच्या पोरांना तिकीट कुठे चिकटवतात हेच ठाऊक नसतं, एवढाच काय तो त्रास.

मामांनी आपला रिटर्न पुन्हा छापला, भाच्याचं नाव काढलं, लेकीचं ठेवलं, आणि पाकीट घेऊन पोस्टात गेले. त्या रात्री जेवताना ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "काकूंनी २०२६ पर्यंत सांगितलं ना? म्हणजे २०२७ ला हा करासाठी इथला झाला. तेव्हा तर नाव घालता येईल मला?"

भाचा म्हणाला, "मामा, तोवर मला नोकरी लागलेली असेल. माझं उत्पन्न डिपेन्डंटसाठीच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाईल."

मामींनी मामांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. "अहो, भाच्याला मामाही दाखवता येतो, मी काकूंना विचारून ठेवलंय. तुम्ही रिटायर झालात की तोच तुमचं नाव घालेल."

"छे छे," मामा म्हणाले, "माझी पेन्शन तेवढी कमी असणार नाही."

"तेच म्हणतेय मी," मामी म्हणाल्या. "आधी आकडा बघू, मग बोलू."

"चुकलात मामी!" लेक आणि भाचा एकदम ओरडले. "आकडा मागाहून!"